रेल्वेमार्गाला धरून अनेक दिवसांचा सायकल प्रवास : झाशी–महोबा मार्गाच्या आधारे नियोजन

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचे रूळ आणि स्लीपर काढायचे, खाली उरलेला भराव दाबून सपाट करायचा, पूल आणि बोगदे दुरुस्त करायचे आणि तो पट्टा पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना खुला करायचा, या व्यवस्थेला रेल ट्रेल म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग १९६७ मध्ये असा खुला झाला. त्यात तीन जुने बोगदे आहेत. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेने कायद्यात अशी सोय केली की, बंद झालेल्या मार्गाची जमीन तुकड्यांनी विकली न जाता तिचा ट्रेल म्हणून वापर व्हावा आणि गरज पडल्यास पुन्हा रेल्वे टाकता यावी. मिसुरीतील केटी ट्रेल सुमारे ३८५ किलोमीटरचा आहे. स्पेनने १९९३ पासून अशा मार्गांचे जाळे उभे केले. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल १५२ किलोमीटरचा असून तो २००० साली पूर्ण झाला.

हे मार्ग अनेक दिवसांच्या सायकल प्रवासाला इतके सोयीचे का असतात, हे आधी समजून घेऊ. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण चढाचे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी रोधाने धावते, म्हणून एक इंजिन हजारो टन ओढू शकते. पण पकड कमी असल्यामुळे चढ आला की तीच गाडी अडते. म्हणून रेल्वे बांधणारे अभियंते टेकडी दिसली की खोदकाम करतात, खोलगट जागा आली की भराव घालतात आणि चढ शक्यतो शंभराला एक किंवा त्याहून सौम्य ठेवतात. भोर घाटात तो सदतिसाला एक आहे आणि तिथे गाडीला जास्तीची इंजिने जोडावी लागतात. दुसरे कारण स्थानकांचे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, गाड्यांना एकमेकींसाठी थांबावे लागे, म्हणून दर काही किलोमीटरवर स्थानक आले आणि स्थानकाभोवती गाव वाढले. तिसरे कारण सरळ आहे. त्या पट्ट्यावर मोटारी नसतात.

सौम्य चढ, ठरावीक अंतरावर गाव आणि मोटारींपासून मुक्ती हे तीन लाभ लक्षात ठेवा. पुढचे सगळे नियोजन त्यांच्याभोवती फिरणार आहे.

आपल्याकडे असे मार्ग का नाहीत

भारतात रेल्वेमार्ग बंद पडत नाहीत असे नाही. पण आपल्याकडे नॅरोगेज किंवा मीटरगेज मार्ग बंद होतो तो बहुतेक वेळा ब्रॉडगेज करण्यासाठी. १९९२ पासून गेज एकसमान करण्याचा कार्यक्रम जोराने राबवला गेला आणि नवा मार्ग पुष्कळ ठिकाणी जुन्याच भरावावर किंवा त्याला लागून आला. म्हणजे जमीन मोकळी होतच नाही. झाशीच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे. तिथून श्योपूरपर्यंत शिंदे सरकारने बांधलेली दोन फुटी नॅरोगेज गाडी सुमारे २०० किलोमीटर धावत असे. ती २०२० मध्ये थांबली, आणि थांबली ती ब्रॉडगेजसाठीच.

विदर्भातील शकुंतला रेल्वेचे उदाहरण मराठी विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. कापसासाठी बांधलेली, क्लिक-निक्सन कंपनीशी जोडलेली ही नॅरोगेज. आता गाडी बंद आहे. ज्याने रेल ट्रेलबद्दल वाचले आहे त्याला वाटते की इथे किती सुंदर सायकलमार्ग होईल. पण त्या भागातील लोकांची जुनी मागणी ब्रॉडगेज गाडीची आहे. ज्यांच्यासाठी ती गाडी गरिबाची एसटी होती त्यांना तिच्या जागी सहलीचा रस्ता सुचवणे हा प्रश्न केवळ पर्यटनाचा राहत नाही. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये प्रवाशांनी रेल्वे आधीच सोडून दिली होती, आपल्याकडे तसे झालेले नाही. माझ्या मते, हा फरक न पाहता ‘आपल्याकडे हे का होत नाही’ असे विचारणे अर्धवट आहे.

तेव्हा भारतीय विद्यार्थ्याने प्रश्न थोडा बदलावा. रेल ट्रेल नसेल तर चालू रेल्वेमार्गाच्या आधाराने प्रवास आखता येईल का? तीन लाभांपैकी कोणते मिळतील आणि कोणता मिळणार नाही?

झाशी ते महोबा : मार्गाची ओळख

झाशी हे इंडियन मिडलँड रेल्वेने १८८० च्या दशकात घडवलेले जंक्शन आहे. आता स्थानकाचे नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे आहे. इथून पूर्वेला माणिकपूरकडे जाणारा मार्ग १८८९ मध्ये सुरू झाला. त्यावर ओरछा, बरुआ सागर, निवाडी, मऊरानीपूर, हरपालपूर, बेलाताल, कुलपहाड, चरखारी रोड आणि महोबा ही मुख्य स्थानके लागतात. झाशी ते महोबा हे रेल्वेने सुमारे १४० किलोमीटर आहे. ओरछ्याला वळसा घेऊन रस्त्याने गेल्यास १६० च्या आसपास धरावे.

हा भाग बुंदेलखंडच्या ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइटमधून पांढऱ्या क्वार्ट्‌झच्या अरुंद, लांबलचक डोंगररांगा ईशान्य–नैऋत्य दिशेने गेलेल्या दिसतात. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत बांध घातला की मागे तलाव साठतो. चंदेल आणि नंतरच्या बुंदेला राजांनी हेच केले. त्यामुळे या मार्गावर बरुआ सागर, बेलाताल, कुलपहाड, चरखारी, महोबा असे तलावांमागून तलाव येतात. सायकलस्वाराला याचा अर्थ सावली, घाट आणि दुपारच्या विश्रांतीची जागा असा घ्यायला हरकत नाही.

मराठी वाचकाला या वाटेवर आणखी एक ओळख सापडेल. बेलातालजवळचे जैतपूर म्हणजे १७२९ मध्ये मुहम्मद खान बंगश जिथे कोंडला गेला ते ठिकाण. छत्रसालाच्या मदतीला बाजीराव पेशवा याच मुलखात आला होता. त्या मदतीच्या बदल्यात पेशव्यांना जो वाटा मिळाला त्यातूनच झाशीचे मराठी राज्य पुढे उभे राहिले. झाशीहून निघून जैतपूरला पोचणे म्हणजे इतिहासात उलटे जाणे आहे.

नद्यांचाही विचार करा. बेतवा, सुखनई आणि धसान या नद्या साधारण उत्तरेकडे वाहतात आणि आपण पूर्वेकडे जातो. म्हणजे आपण प्रत्येक नदी आडवी ओलांडतो. रेल्वे भराव आणि उंच पूल वापरून ही खोली टाळते. रस्ता मात्र नदीकडे थोडा उतरतो आणि पलीकडे चढतो. त्यामुळे सौम्य चढाचा लाभ आपल्याला पूर्ण नाही, पण बराचसा मिळतो. शिवाय झाशीपेक्षा महोबा थोडे खालच्या पातळीवर आहे.

रुळालगतची पायवाट वापरायची नाही

अनेक मार्गांवर रुळाच्या कडेला माणसांच्या पायांनी पडलेली वाट दिसते आणि तिच्यावरून सायकल नेण्याचा मोह होतो. रेल्वे कायदा, १९८९ मधील कलम १४७ नुसार परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम लहान वाटेल, पण ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर सरकते आणि चालकाने ब्रेक लावले तरी ती थांबायला शेकडो मीटर लागतात. विजेच्या इंजिनाची गाडी वाऱ्याच्या दिशेनुसार अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. झाशी–माणिकपूर मार्गाचे विद्युतीकरण झालेले आहे आणि दुहेरीकरणाचे कामही हाती घेतले गेले, म्हणजे कडेची जागा आता अधिकच रेल्वेची आहे. पुलावर तर बाजूला व्हायला जागाच नसते.

म्हणून आपल्या आराखड्यात रेल्वेमार्ग हा दिशा, स्थानके आणि परतीची सोय देतो. चाक मात्र रस्त्यावरच राहते.

चढ, वारा आणि शक्तीचे साधे गणित

दिवसाला किती किलोमीटर, हे बहुतेक जण अंदाजाने ठरवतात. थोडे गणित केले तर अंदाज नीट बसतो. समजा स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो आहेत आणि वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. साध्या डांबरी रस्त्यावर टायरचा रोध वजनाच्या साधारण एक टक्का धरला तर तो ९ न्यूटनच्या आसपास येतो. शांत हवेचा रोध या वेगाला साधारण ६ न्यूटन. एकूण १५ न्यूटन गुणिले ४.२, म्हणजे सुमारे ६३ वॅट. सराव नसलेला पण निरोगी विद्यार्थी ८० ते १०० वॅट काही तास देऊ शकतो असे धरून चालू.

आता शंभराला एक चढ आणा. गुरुत्वाचा रोध आणखी ९ न्यूटन येतो आणि गरज १०० वॅटवर जाते. रेल्वेच्या चढावर वेग कमी न करता जाता येते ते यामुळे. शंभराला पाच चढ असेल तर रोध ४४ न्यूटन वाढतो. त्याच वेगासाठी जवळपास २५० वॅट लागतील, जे आपल्याला झेपणार नाहीत. १०० वॅटमध्ये वेग ताशी सातच्या खाली येईल.

पण मैदानी प्रदेशात चढापेक्षा वारा जास्त छळतो, आणि हे पहिल्यांदा जाणाऱ्याला सहसा सुचत नाही. समोरून ताशी १० किलोमीटर वारा असेल तर हवेशी आपला सापेक्ष वेग १५ वरून २५ होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो ६ वरून १७ न्यूटनवर जातो. या एका मंद वाऱ्याची किंमत सुमारे ४६ वॅट आहे, म्हणजे शंभराला एक चढापेक्षा जास्त. चढ संपतो तरी, समोरचा वारा दिवसभर असू शकतो.

म्हणून दिशा महत्त्वाची. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तर भारताच्या या भागात वारा प्रामुख्याने पश्चिम किंवा वायव्य दिशेने येतो. झाशीहून महोब्याला जाताना तो पाठीशी असतो, महोब्याहून झाशीला येताना तोंडावर. तेव्हा जाताना सायकल आणि येताना रेल्वे. वर्तुळाकार प्रवास आखून अर्धा वेळ वाऱ्याशी झगडण्यापेक्षा एकाच दिशेने जाऊन गाडीने परतणे केव्हाही चांगले, आणि रेल्वेमार्ग धरून जाण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

अन्नाचाही हिशेब याच आकड्यावर बसतो. शरीराची कार्यक्षमता चौथ्या हिश्श्याच्या आसपास असल्यामुळे पायडलवर खर्च झालेले जितके किलोज्यूल तितक्याच किलोकॅलरी अन्नातून लागतात असे धरता येते. १०० वॅटने चार तास म्हणजे १४४० किलोज्यूल, म्हणजे रोजच्या जेवणाशिवाय साधारण १४०० किलोकॅलरी. दुपारी नुसता चहा-बिस्किटांवर भागवले तर तिसऱ्या दिवशी पाय का चालत नाहीत, याचे उत्तर इथे आहे.

न मिळालेला तिसरा लाभ : वाहतूक

चढ सौम्य मिळाला, स्थानकेही मिळाली. मोटारींपासून मुक्ती मात्र मिळाली नाही, म्हणून नियोजनातला सर्वाधिक वेळ यावर गेला पाहिजे. उत्तर प्रदेशात २०१६ मध्ये इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग उद्घाटित झाला, पण तो या दिशेला नाही. झाशी ते मऊरानीपूर या टप्प्यात झाशी–खजुराहो राष्ट्रीय महामार्ग रेल्वेच्या जवळून जातो. तो रुंद आहे आणि त्यावर ट्रक वेगाने जातात. पुढे हरपालपूर, बेलाताल, कुलपहाड या बाजूला रस्ता लहान आणि वर्दळ कमी होते.

महामार्गावर डावीकडच्या पट्टीने जावे हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याच पट्टीवर समोरून उलट्या दिशेने ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मोटारसायकली येतात, कारण दुभाजकातली फट लांब असते. त्यांना चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे सरकलात तर मागचा ट्रक तिथेच असतो. समोर उलटा येणारा दिसला की वेग कमी करून डाव्या कडेला थांबायचे, वळसा घालायचा नाही. सगळ्या गटाने हे निघण्यापूर्वी एकदा करून पाहावे.

दुसरी अडचण या प्रदेशाची खास आहे. बुंदेलखंडात कापणीनंतर जनावरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे, तिला ‘अन्ना प्रथा’ म्हणतात. आता तर वर्षभर मोकळी गुरे दिसतात आणि संध्याकाळी थंडी पडू लागली की ती डांबराच्या उबेला रस्त्यावरच बसतात. काळोखात काळी म्हैस रस्त्यावर बसलेली दिसत नाही, आणि ती चुकवायला वळणारी जीप तुम्हालाही पाहत नाही. सूर्यास्तानंतर सायकल चालवायची नाही, हा नियम इथे सौदा न करता पाळावा.

तिसरी अडचण धुक्याची. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत सकाळी दाट धुके पडते. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला १६.७ मीटर जातो. चालकाला प्रतिसाद द्यायला दीड सेकंद लागला तर २५ मीटर गेले. पुढे ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी ३५ मीटर. एकूण ६० मीटर. दृश्यमानता ५० मीटर असेल तर चालक कितीही सावध असला तरी तुमच्या आधी थांबू शकत नाही. लाल दिवा आणि चमकणारी पट्टी असल्याने हे गणित थोडे सुधारते, बदलत नाही. राष्ट्रीय महामार्गावर दर किलोमीटरच्या मध्ये २०० मीटर अंतराने लहान दगड असतात. एका दगडाजवळ उभे राहून पुढचा दगड स्पष्ट दिसला तरच निघावे.

मे-जूनचा विचारच करू नये, तेव्हा पारा ४३-४४ अंशांच्या वर जातो आणि लू वाहते. पावसाळ्यात गावरस्त्यांवरचे कमी उंचीचे पूल, ज्यांना तिथे रपटा म्हणतात, पाण्याखाली जातात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा योग्य काळ.

टप्पे कसे पाडायचे

अंतराला ताशी १५ ने भागले की चालवण्याचा वेळ मिळतो. त्यात पंक्चर, चहा, तलाव, फाटक आणि फोटो मिळवण्यासाठी दीडपट ते पावणेदोनपट करावे. इथे आपण १.६ पट धरू.

पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवा, झाशी ते ओरछा, १६ ते १८ किलोमीटर. सामान कुठे घासते, ब्रेक कुठे चिकटतो, कोणाच्या सीटची उंची चुकली आहे हे याच दिवशी कळते आणि झाशीची सायकल दुकाने तासाभरावर असतात. ओरछ्यात जहांगीर महाल, रामराजा मंदिर आणि बेतवाकाठच्या छत्र्या पाहायला अर्धा दिवस पुरत नाही. राहण्याची सोयही पर्यटनामुळे मुबलक आहे.

दुसरा दिवस ओरछा ते मऊरानीपूर, ६० किलोमीटरच्या आसपास. वाटेत बेतवाचा पूल, बरुआ सागरच्या अलीकडे प्रतिहार काळातील जराई का मठ, मग निवाडी. चालवायला चार तास, १.६ पट म्हणजे साडेसहा तास. सकाळी नऊला निघालात तर साडेतीनला पोचाल.

तिसऱ्या दिवशी खरा निर्णय आहे. मऊरानीपूर ते महोबा सुमारे ८० किलोमीटर. चालवण्याचा वेळ पाच तास वीस मिनिटे, १.६ पट म्हणजे साडेआठ तास. डिसेंबरअखेरीस झाशी परिसरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. धुक्यामुळे नऊच्या आधी निघता येत नाही. नऊ अधिक साडेआठ म्हणजे साडेपाच, हाती काहीच शिल्लक नाही. एक पंक्चर झाले की काळोख. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूर्यास्त सहाच्या पुढे जातो, धुके बहुधा सरलेले असते, साडेसातला निघता येते आणि चारला महोबा येते. तोच टप्पा, तेच पाय, पण एका महिन्यात तो अविचार आहे आणि दुसऱ्या महिन्यात आरामाचा. डिसेंबरमध्ये जायचेच असेल तर मऊरानीपूर–हरपालपूर हा २५ किलोमीटरचा टप्पा वेगळा करून चौथ्या दिवशी पुढे जावे. हा दिवस फार लहान वाटेल, पण टप्प्याची लांबी पायांपेक्षा रात्रीची खोली कुठे मिळते यावर ठरते. हरपालपूर आणि कुलपहाड इथे निवड कमी, म्हणून आधी फोनवर नक्की करा आणि सायकली आत ठेवू देणार का हेही विचारा. स्थानकांवरची विश्रामगृहे तिकीटधारक प्रवाशांसाठी असतात, सायकलस्वाराने त्यांच्या भरवशावर राहू नये.

प्रत्येक लांब टप्प्यासाठी एक ठिकाण आणि एक वेळ आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, हरपालपूर दुपारी साडेबारापर्यंत आले नाही तर पुढे सायकल नाही. ही वेळ आदल्या रात्री शांत डोक्याने ठरवायची असते. दुपारी एक वाजता दमलेल्या गटात ‘होईल रे, चल’ म्हणणाराच जिंकतो.

राज्याच्या सीमाही पाहून ठेवा. झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात, बरुआ सागर उत्तर प्रदेशात, निवाडी मध्य प्रदेशात, मऊरानीपूर पुन्हा उत्तर प्रदेशात, हरपालपूर मध्य प्रदेशात आणि बेलाताल परत उत्तर प्रदेशात. इंग्रजी अंमलातले जिल्हे आणि बुंदेला संस्थाने यांची जी सरमिसळ होती तीच पुढे राज्यांच्या सीमेत उतरली. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की अपघात किंवा चोरी झाल्यास आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत हे सांगता आले पाहिजे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक दोन्हीकडे चालतो. जवळच्या रेल्वे फाटकावर फाटकाचा क्रमांक लिहिलेला असतो, ठिकाण सांगायला तोही उपयोगी पडतो.

सायकल आणि सामान

महागडी सायकल घेऊन जाण्यापेक्षा वाटेत दुरुस्त होईल अशी घेऊन जावी. छोट्या गावातल्या दुकानात जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीची ट्यूब आणि टायर मिळतात, पातळ टायरच्या नव्या सायकलींची बहुधा नाहीत. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, स्क्रूचा असेल तर गावातला पंप त्याला बसणार नाही, तेव्हा अडॅप्टर किंवा स्वतःचा पंप हवाच. कडेच्या मातीत सराटे आणि बाभळीचे काटे भरपूर. प्रत्येकी दोन ट्यूब आणि गटात एक टायर हे जास्त नाही.

सामान पाठीवर घेऊ नका, मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या लावा. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना आठवेल की सत्तावन्नच्या धामधुमीत झाशीचा वेढा पाहिलेला हा वरसईचा भिक्षुक परतताना गंगेचे पाणी कावडीतून घरी घेऊन आला. कावडीचे तत्त्व आणि कॅरिअरवरच्या पिशव्यांचे तत्त्व एकच आहे. वजन दोन बाजूंना समान आणि शक्य तितके खाली. एकूण सामान आठ-दहा किलोंच्या वर गेले तर काहीतरी अनावश्यक घेतले आहे असे समजा. पाणी मात्र कमी करू नका, हिवाळ्यातही तासाला अर्धा लिटर आणि मार्चमध्ये त्याहून जास्त.

रेल्वे : परतीची आणि माघारीची सोय

आपण रेल्वेमार्ग निवडला तो याचसाठी. पण सायकल गाडीत कशी जाते हे आधी समजून घ्यावे लागते. प्रवाशाजवळच्या सामानाला मापाची मर्यादा असते, सर्वसाधारणपणे १०० × ६० × २५ सेंटिमीटर. पूर्ण सायकल त्यात बसत नाही. ती स्थानकाच्या पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून पाठवावी लागते. नाव, फोन क्रमांक आणि ‘कुठून कुठे’ लिहिलेले लेबल बांधावे, पायडल काढून ठेवावेत, आरसा-दिवा उतरवावा आणि गाडीच्या बऱ्याच आधी पोचावे. त्याच गाडीने सायकल येईलच असे नाही, एखाद-दुसऱ्या दिवशीही येऊ शकते.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. बेलातालसारख्या लहान स्थानकावर गाडी थोडाच वेळ थांबते आणि तिथून सायकल चढवण्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे स्थानक दिसते म्हणून सुटका आहे असे समजू नये. माणूस कोणत्याही स्थानकावरून परतू शकतो, सायकल मोठ्या स्थानकावरूनच. आराखड्यात महोबा आणि झाशी ही सायकल चढवण्या-उतरवण्याची ठिकाणे धरा आणि मधल्या स्थानकांकडे आजारी सोबत्याला परत पाठवण्याची सोय म्हणून पाहा. त्याची सायकल पिकअपने पुढच्या मोठ्या गावी नेता येते. ग्वाल्हेरहून बनारसकडे जाणारी बुंदेलखंड एक्सप्रेस झाशी आणि महोबा दोन्हीवरून जाते. वेळापत्रक निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावे. घडी होणारी सायकल पिशवीत भरून नेता आली तर हा सगळा त्रास वाचतो. पुढे खजुराहोला जायचे असेल तर २००८ पासून महोब्याहून तिकडे रेल्वे आहे.

स्वाध्याय

आपल्या महाविद्यालयाजवळचा कोणताही चालू रेल्वेमार्ग निवडा. १५० किलोमीटरच्या आत पाच स्थानके घेऊन वरच्या पद्धतीने टप्पे पाडा. डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा दोन महिन्यांसाठी निघण्याची व पोचण्याची वेळ काढा, आणि कोणता टप्पा एका महिन्यात चालतो व दुसऱ्यात चालत नाही ते सांगा. प्रचलित वाऱ्याची दिशा शोधून प्रवास कोणत्या टोकापासून सुरू कराल ते कारणासह लिहा. पाचपैकी कोणत्या स्थानकांवर पार्सल कार्यालय आहे याची चौकशी प्रत्यक्ष स्थानकावर जाऊन करा.